हजेरीच्या वहीतली गुलामगिरी: बागकामाच्या छोट्या ठेकेदारांनी काय बघायचं?

हिंजवडी, खराडी, चाकणच्या कंपन्यांची हिरवळ सांभाळणाऱ्या छोट्या ठेकेदारांकडे हल्ली एक फॉर्म येतो. जीएसटी, पॅन, रद्द केलेला चेक इथपर्यंत सगळं ओळखीचं. मग मध्येच प्रश्न येतो: 'आपल्या व्यवसायात व पुरवठा साखळीत आधुनिक गुलामगिरी रोखण्यासाठी आपले धोरण काय?' दहा-बारा माणसं, दोन ब्रश कटर, एक छोटा हत्ती टेम्पो एवढा ज्याचा पसारा, तो 'लागू नाही' असं लिहून मोकळा होतो.

पण प्रश्न लागू आहे, आणि बागकामाला तर जरा जास्तच. हे काम हातानं होतं आणि हंगामावर चालतं. माणसं बरेचदा मुकादमाकडून येतात. वीट, दगड, खत, रोपं हा माल ज्या ठिकाणांहून येतो, तिथे उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देऊन माणूस बांधून ठेवायची जुनी रीत आहे.

हा प्रश्न आला कुठून?

ब्रिटननं २०१५ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला. वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना, आपल्या धंद्यात आणि माल पुरवणाऱ्यांकडे गुलामगिरी नसावी म्हणून काय केलं, हे दरवर्षी जाहीर करावं लागतं. जर्मनीत पुरवठा साखळीचा कायदा २०२३ पासून लागू झाला. आपल्याकडे सेबीनं शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना जो जबाबदारीचा वार्षिक अहवाल द्यायला लावला आहे, त्यातही सक्तीची मजुरी आणि बालमजुरी यांबद्दल विचारलं जातं. कंपनी तोच प्रश्न आपल्या पुरवठादारांना विचारते, आणि ते खाली ढकलत ढकलत शेवटी लॉन कापणाऱ्याच्या हातात कागद पडतो. तुमच्यावर यातला कुठलाही परदेशी कायदा थेट लागू नाही. भारतातले कायदे मात्र आहेत, आणि ते माणसं किती, उलाढाल किती हे बघत नाहीत.

बेड्या नसतात, बाकी असते

'आधुनिक गुलामगिरी' ही मोठी छत्री आहे. तिच्याखाली आपल्या कामाचा भाग म्हणजे सक्तीची मजुरी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९३० मध्येच तिची व्याख्या करून ठेवली: शिक्षेच्या धाकानं करून घेतलेलं आणि माणसानं आपणहून न स्वीकारलेलं काम. याच संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगात २ कोटी ७६ लाख लोक अशा मजुरीत अडकलेले आहेत.

मराठीला हे नवं नाही. आपला शब्द वेठबिगारी. राज्यघटनेच्या कलम २३ च्या इंग्रजी मजकुरातसुद्धा 'बेगार' हाच शब्द जसाच्या तसा आहे. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांनी १९४५ मध्ये जो उठाव केला, त्यामागे 'लग्नगडी' ही पद्धत होती: लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी नवराबायकोनं आयुष्यभर त्याच्याकडे राबायचं. आज लग्नाऐवजी दवाखाना असतो, घराचा पत्रा असतो, जुनं देणं असतं. गणित तेच.

१९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्यात हे नेमकं मांडलं आहे. माणसानं उचल घेतली असेल आणि त्या बदल्यात त्याला (१) फुकट किंवा किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबावं लागत असेल, (२) दुसरीकडे काम धरता येत नसेल, (३) हवं तिथे जाता येत नसेल, किंवा (४) आपली मेहनत, आपला माल बाजारभावानं विकता येत नसेल, तर ती वेठबिगारी. चारही नकोत, एक पुरे. सर्वोच्च न्यायालयानं १९८२ च्या एशियाड (दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामांवरच्या) मजुरांच्या खटल्यात तर आणखी स्पष्ट सांगितलं: किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं हीच मुळात सक्ती, कारण भूक हीसुद्धा जबरदस्तीच असते.

मग साधं कर्ज आणि बांधून घालणारी उचल यांत फरक काय? बँकेचं गृहकर्ज घ्या. नोकरी बदलली तर बँक हरकत घेत नाही, तिला हप्त्याशी मतलब. उचलीत पैसे देणारा, काम घेणारा आणि हिशेब लिहिणारा एकच असतो. किराणावाल्यानं उधारीची वही स्वतःजवळ ठेवावी, तुम्हाला एकदाही दाखवू नये, आणि उधारी फिटेपर्यंत दुसऱ्या दुकानात पाय ठेवू देऊ नये, तसं.

एका महिन्याचा हिशेब

वही उघडली की हे दिसतं. उदाहरण म्हणून एक पान घेऊ. मजुरानं गावाकडे ३०,००० रुपये उचल घेतली. रोज ४५० ठरला. मुकादम त्यातले ५० स्वतःचे म्हणून कापतो, वहीत ४०० चढतात. पाऊस, 'आज साइट बंद' वगैरे जाऊन महिन्यात २० दिवस भरले. जमा ८,०००.

आता खर्चाची बाजू. हातखर्चाला दिलेली खर्ची आठवड्याला १,२००, चार आठवड्यांचे ४,८००. मुकादमाच्या ओळखीच्या दुकानातला किराणा १,८००. खोलीचा वाटा ८००. गावाहून आणल्याचं तिकीट ९००. औषध ३००. तीन दिवस खाडा झाला, त्याचा दंड २०० प्रमाणे ६००. एकूण ९,२००.

वीस दिवस उन्हात काम करून उचल ३०,००० वरून ३१,२०० झाली.

हे पान बघून कुणी म्हणेल, यात फसवणूक कुठे आहे? खर्ची तर त्यानं खाल्लीच. बरोबर. फक्त तीन नोंदी बघा: मुकादमाचे ५० रुपये रोज (२० दिवसांचे १,०००), तिकिटाचे ९००, खाड्याचे ६००. एकूण २,५००. या तीन ओळी खोडल्या, तर त्याच महिन्यात उचल १,२०० नं वाढायच्या ऐवजी १,३०० नं कमी होते. आणि तिन्ही ओळी कायद्यात बसत नाहीत. कामावर आणण्यासाठी दिलेला प्रवासखर्च मजुरीतून वसूल करता येत नाही. गैरहजेरीपोटी साधारणपणे न भरलेल्या दिवसाची मजुरी कापता येते, त्यावर वेगळा दंड नाही. मुकादमाची दलाली मजुरानं द्यायची नसते, ज्याला माणूस हवा त्यानं द्यायची. शिवाय कुठल्याही महिन्यात एकूण कपात मजुरीच्या निम्म्याहून जास्त होता कामा नये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही हे नियम आहेत, आणि त्याआधीच्या कायद्यातही त्यांतले बरेचसे होते.

आपल्या घरापासून सुरुवात

तेव्हा धोरणाचा सुबक कागद छापण्याआधी चार जागा तपासा.

पहिली जागा वहीच. हजेरी आणि कपात यांची प्रत मजुराकडे असली पाहिजे. लिहिता येत नसेल तर दर शनिवारी वहीच्या पानाचा फोटो त्याच्या किंवा घरच्यांच्या मोबाईलवर टाका. पाच मिनिटांचं काम आहे, आणि नुसत्या या एका सवयीनं मुकादमाच्या निम्म्या लबाड्या बंद पडतात, कारण मागाहून आकडा बदलायला जागाच उरत नाही.

दुसरी जागा बँक खातं. 'आम्ही सगळ्यांना ऑनलाइन पैसे देतो' हे उत्तर पुरेसं नाही. यादीत बघा: चार नावांपुढे एकच खातं आहे का? दोघातिघांच्या खात्याला मोबाईल नंबर एकच आहे का? पैसे मजुराच्या खात्यात आणि एटीएम कार्ड मुकादमाच्या खिशात, हा प्रकार इतका सर्रास आहे की खातं कुणाचं यापेक्षा कार्ड कुणाजवळ आहे हे विचारणं जास्त उपयोगी.

तिसरी, कागदपत्रं. आधार, रेशन कार्ड, पासबुक यांची झेरॉक्स घ्या, मूळ प्रत तिथल्या तिथे परत. 'हरवेल म्हणून सांभाळून ठेवलंय' हे वाक्य कानावर आलं तर चांगल्या हेतूवर विश्वास ठेवू नका, कपाट उघडायला लावा.

चौथी जागा राहण्याची. नर्सरीतल्या शेडमध्ये किंवा साइटवर जोडपी राहतात. रात्री फाटकाला कुलूप लागतं का, किल्ली कुणाकडे, बाजाराला जाताना कुणाला विचारावं लागतं? आणि एक प्रश्न मजुरालाच, मुकादम जवळ नसताना, चहा पिता पिता विचारायचा: 'गावच्या जत्रेला जाणार का?' 'बघू, मुकादम काय म्हणतो' असं उत्तर आलं तर थांबून पुढचं विचारा. 'सुट्टीचे पैसे बुडतील' आणि 'गेलो तर घरच्यांना त्रास होईल' या दोन उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नर्सरीतल्या बायकांचं काम वेगळं तपासावं लागतं. पिशव्या भरणं शेकड्यावर दिलं जातं. शेकडा दर कितीही ठरवा, पण दिवसभराच्या पिशव्यांचे पैसे त्या दिवसाच्या किमान वेतनाइतके झालेच पाहिजेत. महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता साधारण दर सहा महिन्यांनी बदलतो. जानेवारी आणि जुलैमध्ये कामगार विभागाचा नवा दर बघून शेकड्याचा हिशेब पुन्हा करायचा.

विटा, दगड, लेंडीखत

आता माल. गेल्या वर्षभराची बिलं काढा आणि एका कागदावर लिहा: काय घेतलं, कुठून आलं, ते कुणाच्या हातून बनलं. रोपं कदाचित आंध्रातल्या कडियममधून आली असतील, कोकोपीट तामिळनाडू-केरळमधून, फरशी राजस्थानातून, विटा तासाभराच्या अंतरावरून. सगळ्यांच्या मागे लागायची गरज नाही. जिथे हातकाम, हंगाम, उचल आणि गावापासून दूर राहणं या चारही गोष्टी एकत्र येतात, तिथे आधी बघायचं.

वाफ्यांच्या कडेला लागणारी वीट या यादीत सगळ्यात वर. भट्टीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन पावसाआधी संपतो. रायगड, ठाणे, पालघरची कातकरी कुटुंबं पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, बयाणा घेतात आणि हंगामभर ते फेडतात. मजुरी हजार विटांमागे, आणि वहीत नाव बहुतेक एकट्या पुरुषाचं. बायको चिखल मळते, पोरं कच्च्या विटा वाळायला उलटवतात, त्यांच्या कामाचा वेगळा आकडा कुठेच नसतो. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात, तसंच हे.

भट्टीवाल्याला काय विचारायचं? 'तुमच्याकडे वेठबिगार आहेत का' असं विचारून उपयोग नाही, 'छे छे' हेच उत्तर येणार. विचारा: हजारी दर किती? हिशेब आठवड्याला होतो की हंगाम संपल्यावर? वहीत बाईचं नाव असतं का? आणि सगळ्यात कामाचा प्रश्न: अवकाळी पाऊस आला आणि थापलेल्या कच्च्या विटा विरघळल्या तर नुकसान कुणाच्या खात्यात? याचं तयार उत्तर सहसा कुणाजवळ नसतं, म्हणून खरं बोलणं निघतं. 'ते त्यांचं' असं आलं तर ओळखा, तिथे कर्ज फिटत नाही. भेटीला जायचं तर शाळेच्या वेळेत, आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. अकरा वाजता आठ-दहा वर्षांची मुलं विटांच्या रांगेत दिसली तर आणखी पुरावा शोधायला नको. फ्लाय अ‍ॅशच्या, म्हणजे कोळशाच्या राखेच्या, विटा हा एक पर्याय आहे. तिथे हात कमी लागतात आणि काम बारमाही असतं. पण म्हणून चौकशी टाळू नये.

दगडाचं तसंच. बुंदी जिल्ह्यातल्या बुधपुरा भागात खाणीतल्या टाकाऊ वाळूखडकाचे छोटे चौकोनी कोबल (फरसबंदीचे दगड) छिन्नी-हातोडीनं फोडले जातात आणि युरोपातल्या अंगणांपर्यंत जातात. काम नगावर, त्यामुळे घरातले सगळेच बसतात. बारीक धूळ फुप्फुसात बसून सिलिकोसिस होतो. घरचा कर्ता खोकत अंथरूण धरतो आणि उचल मुलाच्या नावावर चढते. विकत घेताना 'ओलं कटिंग (धूळ उडू नये म्हणून पाणी सोडून कापणं) आहे का, खाण कुठली, बिलावर गावाचं नाव लिहाल का' एवढं तरी विचारता येतं. आपला काळा पाषाण जवळचा म्हणून निर्धोक समजू नका, खडी क्रशरवरही उचलीवरचे मजूर असतात.

लेंडीखताचा कुणी विचारही करत नाही. २०२२ मध्ये नाशिक-नगर भागात कातकरी मुलं काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात काही मेंढपाळांकडे राबायला ठेवल्याचं उघड झालं होतं. सगळेच मेंढपाळ तसे नाहीत, पण खताची गाडी भरताना गोणी उचलणारं पोर कुणाचं, हे विचारायला काही लागत नाही.

'उचल दिली नाही तर माणसं येणार कशी?'

हा आक्षेप खरा आहे. गावात पैसा नसतो तेव्हा माणूस उचलीशिवाय निघत नाही. उचल देणं गुन्हा नाही, तिच्या बदल्यात माणूस अडकवणं हा गुन्हा आहे. म्हणून उचल द्या, पण चार अटी स्वतःवर घालून घ्या. रक्कम साधारण महिन्याच्या मजुरीपेक्षा मोठी नको. व्याज नको. हप्ता ठरलेला आणि लहान, म्हणजे महिन्याला मजुरीच्या पाचव्या हिश्शापर्यंत. आणि माणूस मधेच सोडून गेला तर राहिलेली रक्कम बुडीत धरायची: ना घरच्यांकडे मागणी, ना दुसऱ्या मुकादमाला 'विकणं'. वर्षातून एखादी उचल बुडेल. तो धंद्याचा खर्च समजावा, कटरची तार संपते तसा.

'तो तर आपल्या मर्जीनं आला'

आला असेल. प्रश्न जाण्याचा आहे. आणि वाद झालाच तर ते कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कायद्यानं पैसे देणाऱ्यावर टाकली आहे, मजुरावर नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड. दंडाचा आकडा १९७६ चाच राहिला आहे, त्यावर हसू येतं, पण कैदेची तरतूद खोटी नाही.

'जेवण-खोली देतो, तेवढं चालतंच'

खोली चांगलीच गोष्ट आहे. फक्त तिचे पैसे आधी सांगून, लेखी ठरवून घ्या. महिना संपल्यावर कपातीच्या रकान्यात खोली नव्यानं उगवली, तर ती सोय राहत नाही.

स्वस्त कोटेशनचा अर्थ

मुकादम सांगतो, 'तीन माणसं, महिनाभर, तीस हजारांत करून देतो.' भागाकार करा. तीन माणसांचे सव्वीस दिवस म्हणजे ७८ दिवस. ३०,००० भागिले ७८ म्हणजे रोज ३८५ रुपयेसुद्धा पडत नाहीत, आणि त्यातून अजून मुकादमाचा वाटा आणि टेम्पोभाडं जायचं आहे. त्या दिवसाचा किमान दर ५०० असेल तर नुसती मजुरीच ३९,००० होते. मधले नऊ हजार आकाशातून पडत नाहीत. ते कुणाच्या तरी वहीत उचल बनून बसतात. म्हणून मुकादमाकडून एकरकमी दर घेऊ नका. मजुरी, त्याची दलाली आणि वाहतूक अशा तीन ओळी वेगळ्या मागा.

हीच गोष्ट वरच्या बाजूलाही लागू आहे. 'गुलामगिरी धोरण' मागणारी कंपनी तुमचं बिल नव्वद दिवस अडकवते, आणि तुम्ही मजुरांचं अडकवता. हा दुटप्पीपणा फॉर्मवर कुठे लिहायची सोय नाही, पण उपाय आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल तर करार काहीही म्हणो, जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशिरावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, आणि तक्रार एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर करता येते.

खरंच सापडलं तर?

पहिली चूक म्हणजे मुकादमाला फोन करून झापणं. रात्रीतून टोळी दुसऱ्या जिल्ह्यात जाते आणि हातात काही राहत नाही. दुसरी चूक म्हणजे 'आमचा संबंध नाही' म्हणून पुरवठादार तडकाफडकी तोडणं. मजूर तिथेच राहतो, उचलीसकट.

मजुराशी एकांतात बोला. त्याला काय हवंय ते आधी ऐका. वहीचे, कपातीचे फोटो जपून ठेवा. मग तहसीलदार, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज द्या. वेठबिगारीची चौकशी त्यांच्या अधिकारात येते, आणि जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्या असतात. लहान मूल असेल तर १०९८, जिवाला धोका असेल तर ११२. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर आहे. वेठबिगारीतून सुटल्याचं मुक्ती प्रमाणपत्र मिळालं की उरलेलं कर्ज कायद्यानं संपतं, आणि नंतर ते वसूल करणारा स्वतःच गुन्हेगार ठरतो. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत तातडीची मदत ३० हजारांपर्यंत, आणि पुढे प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया-मुलांना २ लाख, अत्यंत गंभीर शोषणात ३ लाख अशी तरतूद आहे. प्रमाणपत्राचा कागद म्हणूनच सगळ्यात मोलाचा. तो हातात पडेपर्यंत अर्जाचा पाठपुरावा सोडू नये.

मग फॉर्मवर काय लिहायचं?

इंटरनेटवरून उतरवलेलं चार पानी इंग्रजी धोरण जोडू नका. ते वाचणाऱ्यालाही ओळखू येतं. अर्धं पान पुरे, आणि त्यात जे करता तेवढंच. साधारण असं: 'आमच्याकडे ११ माणसं, त्यांतली ४ मुकादमामार्फत. मुकादमाची दलाली आम्ही वेगळी देतो. उचल महिन्याच्या मजुरीइतकीच, बिनव्याजी. सोडून गेल्यास वसुली नाही. हजेरीची प्रत दर शनिवारी मजुराला. मूळ कागदपत्रं आम्ही ठेवत नाही. पुरवठादार ९, त्यांपैकी ६ जणांना प्रश्न विचारले. वीटभट्टीला भेट फेब्रुवारीत. दगडाच्या खाणीची माहिती व्यापाऱ्यानं अजून दिलेली नाही, जूनपर्यंत न दिल्यास दुसरीकडून घेणार.'